प्रकल्प नोंदी : ‘बाई, बरोबर आहे का?’

१६ जून

शिक्षकाने स्वतःचे शैक्षणिक तत्त्वज्ञान लिहून काढावे, अशी अपेक्षा जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात केली जाते. माझ्या जुन्या वहीत ते दीड पान आहे आणि त्यात ‘सक्षमीकरण’ हा शब्द सहा वेळा आला आहे. आज ते पान पुन्हा वाचताना जाणवले की, त्यातले एकही वाक्य असे नाही, जे खरे आहे की खोटे हे माझ्या वर्गात बसून कोणाला तपासता येईल. म्हणून यंदा ते पान बाजूला ठेवून इयत्ता सातवीच्या गणिताच्या वर्गापुरते एक छोटे काम हाती घेते आहे आणि त्याच्या नोंदी येथे ठेवणार आहे.

गणिताच्या वर्गातली सर्वांत मोठी सत्ता म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याची सत्ता, आणि ती आजवर पूर्णपणे माझ्याकडे आहे. मुले उदाहरण सोडवतात, वही घेऊन टेबलाशी येतात आणि विचारतात, “बाई, बरोबर आहे का?” आजच्या ४० मिनिटांच्या तासात हा प्रश्न किती वेळा येतो, हे मी टेबलावरच्या कागदावर रेघा मारून मोजले. वर्गात ३६ मुले आहेत. प्रश्न ४१ वेळा आला. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर बरोबरच होते, म्हणजे मुलांना गणित येत होते, परंतु आपल्याला ते येते हे त्यांना माझ्याकडून कळत होते.

१९ जून

आज टेबलाशी आलेल्या मुलांची नजर कुठे असते ते पाहिले. ती वहीवर नसते, माझ्या चेहऱ्यावर असते. मी जरा थांबले, भुवई किंचित वर गेली, पेन हातात घेतले, की मूल हातातल्या खोडरबराकडे वळते. मुद्दाम एक गोष्ट करून पाहिली. बरोबर उत्तर घेऊन आलेल्या नऊ मुलांना मी शांतपणे “नक्की ना?” एवढेच विचारले. सात जणांनी तेथल्या तेथे उत्तर खोडले. एका मुलीने तर इतक्या घाईने खोडले की कागद फाटला, आणि त्या छिद्रातून मागच्या पानावरचे तिचेच एक बरोबर सोडवलेले उदाहरण दिसत राहिले.

ती वही मला विसरता येत नाही. सहा वर्षे शाळेत काढलेल्या मुलीला स्वतःच्या बरोबर उत्तरावर तीन सेकंदही उभे राहता येत नसेल, तर तिला जे काही शिकवले गेले त्यात एक मोठी उणीव राहिली आहे, आणि त्या उणिवेत माझा वाटा आहे.

२३ जून

कामाची रूपरेषा ठरवली. “बरोबर आहे का?” या प्रश्नावर बंदी घालायची नाही, बंदी घातली तर प्रश्न मनात दबेल आणि मुले एकमेकांच्या वह्यांत डोकावू लागतील. त्याऐवजी उत्तर तपासण्याची साधने एकेक करून मुलांच्या हाती द्यायची आणि प्रत्येक साधन हाती गेले की माझा तेवढा निवाडा मागे घ्यायचा. साधन न देता निवाडा मागे घेणे म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणे होय, आणि साधन देऊनही निवाडा स्वतःकडेच ठेवणे म्हणजे फसवणूक होय. या दोन्ही चुका माझ्या हातून होण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते.

१ जुलै

मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. हे थांबणे तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहण्याचे प्रमाण घटले आणि मुलांकडून स्वतःहून येणारे प्रश्न वाढले. तिच्या कामातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: मुलाने उत्तर दिल्यानंतरही शिक्षकाने थांबायचे असते. या दुसऱ्या शांततेतच मूल आपल्या उत्तराला ‘कारण’ जोडते, किंवा ते उत्तर स्वतःच मागे घेते. आपण मात्र “छान” म्हणून नेमकी तीच जागा भरून टाकतो.

आठवडाभर हे करून पाहिले आणि काल माझ्याकडून एक चूक झाली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला नाव घेऊन उभे केले, प्रश्न विचारला आणि ठरवल्याप्रमाणे थांबले. त्याला उत्तर सुचेना. पस्तीस जण वळून त्याच्याकडे पाहू लागले आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. जी शांतता मी विचारासाठी ठेवली होती, ती त्याच्या वाट्याला शिक्षा म्हणून आली. तास संपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि चूक माझ्या पद्धतीत होती असे त्याला सांगितले. आजपासून क्रम बदलला आहे: आधी प्रश्न सर्वांना, मग थांबणे, मग शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलणे आणि त्यानंतरच कोणाचे तरी नाव. अशा शांततेचा भार एकट्यादुकट्यावर न पडता वर्गावर विभागला जातो.

८ जुलै

आजचा प्रसंग सविस्तर लिहिते.

अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एक मुलगा वही घेऊन आला; वहीत होते ३/४ + २/५ = ५/९. अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवले होते. एरवी मी लाल पेनाने ५/९ वर काट मारली असती आणि छेद समान करण्याची रीत तिसऱ्यांदा सांगितली असती. आज पेन बंद ठेवले आणि विचारले, “३/४ म्हणजे साधारण किती, तुझ्या शब्दांत सांग.”

“पाऊण.”

“आणि तू त्यात काय केलंस?”

“अजून थोडं मिळवलं.”

“मग ५/९ म्हणजे साधारण किती?”

त्याने नऊचे निम्मे साडेचार असे बोटांवर मोजले आणि म्हणाला, “अर्ध्याहून थोडंसं जास्त.” मग तो थांबला. मीही थांबले. चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवला. त्याने वहीकडे पाहिले, पुन्हा एकदा पाहिले आणि एकदम म्हणाला, “बाई, मिळवलं आणि कमी झालं की!”

हे वाक्य तो एवढ्या मोठ्याने बोलला की पुढच्या तीन बाकांवरची मुले उठून वही पाहायला आली. बरोबर उत्तर त्याला अजून ठाऊक नव्हते, पण आपले उत्तर चुकीचे आहे हे त्याला कोणीही न सांगता, कोणाच्याही चेहऱ्याकडे न पाहता कळले होते. जागेवर जाऊन त्याने २० हा समान छेद घेतला, १५/२० आणि ८/२० मिळवून २३/२० हे उत्तर काढले आणि ते दाखवायला तो आला नाही. मी त्याच्या बाकाजवळून जाताना पाहिले, तर उत्तराशेजारी त्याने बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘एकापेक्षा जास्त. पाऊणपेक्षा पण जास्त. चालेल.’

‘चालेल’ हा शब्द गेली अनेक वर्षे फक्त मी वापरत होते.

१४ जुलै

तपासणीच्या रीती वर्गाकडूनच गोळा केल्या आणि त्यांच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावल्या. ‘आधी अंदाज लिही, मग सोडव.’ ‘उलटी क्रिया करून मागे जा.’ ‘क्ष ची किंमत परत समीकरणात घाल.’ ‘एकक बघ, लांबी विचारली असताना चौरस सेंटिमीटर आले तर गडबड आहे.’ ‘मोठ्या संख्यांऐवजी छोट्या संख्या घेऊन तीच रीत चालते का ते बघ.’

एक मर्यादाही मुलांपुढे ठेवली. तेच गणित त्याच रीतीने पुन्हा करणे म्हणजे तपासणी नव्हे. ज्याने पहिल्यांदा छेदांत छेद मिळवला तो दुसऱ्यांदाही मिळवेल, ५/९ पुन्हा येईल आणि उलट खात्री वाढेल. तपासणीची वाट सोडवण्याच्या वाटेहून वेगळी असावी लागते. ३क्ष + ५ = २० सोडवताना आपण पाच वजा करतो आणि तिनाने भागतो; तपासताना मात्र क्ष च्या जागी ५ ठेवून गुणाकार आणि बेरीज करतो. ही गोष्ट मुलांना फार आवडली, कारण उत्तर बरोबर आहे याची हमी समीकरण स्वतःच देते.

२२ जुलै

प्रश्नांची मोजणी: १९. पुढे जायला हरकत नाही.

२ ऑगस्ट

चौघांचे गट करून आठवडा झाला आणि आज गट जवळून पाहिले, तर समाधानकारक चित्र नाही. दोन गटांत एकेक हुशार मुलगा माझ्या जागी जाऊन बसला आहे. बाकीची तिघे आता त्याच्याकडे वही सरकवतात आणि “बरोबर आहे का?” असे त्याला विचारतात. त्याची भुवई वर गेली की खोडरबर निघते. माझ्या मोजणीत हे प्रश्न दिसत नव्हते, कारण ते माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हते. सत्ता वाटली गेली नव्हती. तिने फक्त बाक बदलला होता.

एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांसाठी गटकार्याची एक पद्धत आखली होती. तीत धड्याचा एकेक तुकडा गटातल्या एकेका मुलाकडेच असतो, त्यामुळे प्रत्येकाचे ऐकल्याशिवाय कोणाचेच काम पूर्ण होत नाही. वंशभेदावर आधारलेली शाळांची विभागणी नुकतीच संपवलेल्या त्या वर्गांत मुलांमध्ये तेढ होती आणि केवळ एकत्र बसवल्याने ती जात नव्हती. एकत्र बसवणे आणि एकमेकांची गरज भासणे यांतला हा फरक मी माझ्या गटांत आणलाच नव्हता.

उद्यापासून गटात पेन्सिल त्याच्या हाती, ज्याला सर्वांत कमी खात्री आहे. ज्याला येते त्याने बोलायचे, लिहायचे नाही. उत्तर सांगायला गटातून कोणालाही बोलावले जाईल. तपासणी करणारा रोज वेगळा असेल आणि त्याने भिंतीवरची कोणती रीत वापरली तेही सांगायचे.

११ ऑगस्ट

सरावाच्या वह्यांवर गुण देणे थांबवले. कारण लिहून ठेवते, कारण पालकांना ते सांगावे लागेल. रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ शेरे आणि काहींना गुण व शेरे दोन्ही दिले होते. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची पुढच्या कामातली प्रगती आणि रुची सरस ठरली. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांना शेऱ्याचा फारसा लाभ झाला नाही. माझ्या वर्गातले निरीक्षण याच दिशेचे आहे. वही परत मिळताच मुले आकडा पाहतात, शेजाऱ्याचा आकडा पाहतात आणि वही मिटतात. आकडा हा निकाल असतो, आणि निकाल लागल्यावर विचार करायचे कारण उरत नाही.

शेरे लिहिणे मात्र मला वाटले होते त्याहून बरेच अवघड आहे. ‘छान’, ‘सुधारणा हवी’, ‘लक्ष दे’ हे माझे जुने शेरे वाचले. त्यांतून मुलाला पुढे काय करावे हे मुळीच कळत नाही. आज लिहिलेले दोन शेरे येथे उतरवते. ‘तिसऱ्या ओळीत चिन्ह बदलले आहे, ते का बदलले, हे शेजारी एका वाक्यात लिही.’ ‘या पाच उत्तरांपैकी एक चुकले आहे. कोणते, ते भिंतीवरची रीत वापरून शोध.’ दुसऱ्या शेऱ्याने मुले पाचही उत्तरे तपासतात. ३६ वह्यांना मला दोन तासांहून अधिक वेळ लागला. रोज हे शक्य नाही, म्हणून एका दिवशी नऊच वह्या घेईन.

२० ऑगस्ट

एक पालक भेटायला आले. त्यांचा प्रश्न रास्त होता: “गुण नसतील तर मुलगी कुठे आहे हे आम्हाला कसं कळणार?” घटक चाचणीचे गुण पूर्वीप्रमाणेच मिळतील आणि केवळ सरावाच्या वहीवर गुण नसतील, हे मी स्पष्ट केले. मग मुलीलाच बोलावून वही दाखवायला सांगितली. तिने वडिलांना कोणते उदाहरण चुकले होते, ते तिला कसे सापडले आणि अजून कोणता भाग कच्चा आहे हे दहा मिनिटे सांगितले. ते जाताना म्हणाले, “घरी एवढं कधी बोलली नव्हती.” त्यांचे समाधान झाले की नाही हे मला सांगता येणार नाही, परंतु पुढच्या पालकसभेत प्रत्येक मुलाने स्वतःची वही स्वतः दाखवावी, हे त्यांच्या भेटीमुळे ठरले.

३ सप्टेंबर

आज माझ्या हातून घडलेली चूक येथे नोंदवणे भाग आहे, कारण सबंध प्रकल्पाचा पाया तिच्याशी जोडलेला आहे.

घटक चाचणीआधीची सराव-प्रश्नपत्रिका मुलांनी तयार करावी, असे ठरले होते. सहा जणांची समिती वर्गाने निवडली. त्यांनी दहा प्रश्न काढले, उत्तरसूची केली आणि कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागेल याचाही विचार केला. मला दोन प्रश्न फार सोपे वाटले. काल संध्याकाळी छपाईला देताना मी ते दोन प्रश्न बदलले. कोणालाही सांगितले नाही. एवढे किरकोळ आहे असे वाटले.

आज सकाळी समितीतली एक मुलगी प्रश्नपत्रिका हातात घेऊन आली. रागावलेली नव्हती. तिने फक्त सांगितले, “बाई, चौथा आणि सातवा आमचा नाही.” आणि मग, “सोपे मुद्दाम ठेवले होते. पहिले तीन न आलेल्याला मध्ये एक तरी यावा म्हणून.”

सोपा प्रश्न चौथ्या क्रमांकावर का ठेवावा, याचा विचार इतकी वर्षे प्रश्नपत्रिका काढताना मी केला नव्हता. या मुलांनी तो केला होता आणि मी त्यांना न विचारता तो खोडला होता. अगदी तसाच, जसा त्या फाटलेल्या पानावर खोडला गेला होता. तास सुरू होताच मी वर्गापुढे उभी राहिले, काय केले ते सांगितले आणि समितीची माफी मागितली. मूळ दोन प्रश्न फळ्यावर लिहिले आणि छापलेले रद्द केले.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या, १२ व्या कलमात मुलांना आपल्याशी संबंधित सर्व बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि वय व परिपक्वतेनुसार त्या मताला योग्य महत्त्व द्यावे असेही म्हटले आहे. मत मांडू देणे मला जमत होते. महत्त्व देणे म्हणजे मला न पटलेला निर्णय तसाच राहू देणे, किंवा समोर बसून त्यावर वाद घालणे. माझ्या मनाला पटेल तोवरच जो अधिकार मुलांकडे राहतो, तो मी त्यांना दिलेलाच नसतो.

१५ सप्टेंबर

प्रश्नांची मोजणी आता एका तासाला ८ वर आली आहे. या आकड्याने मला आनंद व्हायला हवा होता, पण आज त्यामागे काय आहे ते पाहिले. ज्या मुलीच्या वहीला छिद्र पडले होते, ती गेल्या दोन आठवड्यांत एकदाही विचारायला आलेली नाही. तिची वही उघडली, तर सात उदाहरणे अर्धवट सोडलेली. ती विचारत नाही याचे कारण ती स्वतः तपासते हे नसून तिने प्रयत्नच सोडला आहे. माझ्या मोजणीत हे दोन्ही प्रकारचे मौन सारखेच दिसते, आणि हा मोजणीचा गंभीर दोष आहे.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवले होते की, सुटका आपल्या हाती नाही असा अनुभव वारंवार घेतलेले प्राणी, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न करत नाहीत. याला ‘शिकलेली असहायता’ हे नाव पडले. मात्र जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपली मांडणी उलटी केली: दीर्घ त्रासापुढे निष्क्रिय होणे ही सहज प्रतिक्रिया आहे, शिकावे लागते ते नियंत्रण. माझ्या कामाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. या मुलीने काही चुकीचे शिकून घेतलेले नाही, तर आपल्या करण्याने काही बदलते हा अनुभवच तिला पुरेसा मिळालेला नाही, आणि तो देणे माझे काम आहे.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या तात्पुरत्या आधारासाठी परांचीची उपमा वापरली. परांची उतरवायची असते, हे मी लक्षात ठेवले होते. भिंत उभी राहिल्यावर उतरवायची असते, हे विसरले. ३६ जणांची परांची मी एकाच दिवशी उतरवली. या मुलीसोबत उद्यापासून रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसणार आहे. तिला एक उदाहरण आणि तपासणीची एकच रीत द्यायची, आणि तिने तपासल्यानंतरच मी बोलायचे.

२९ सप्टेंबर

आज दोन मुले टेबलाशी आली. “बाई, माझं ३ आलं आणि याचं उणे ३. दोघांनी किंमत घालून पाहिली. दोन्ही जुळतात.” जिचा वर्ग ९ येईल अशी संख्या शोधायची होती. मी काही सांगितले नाही. वाद वर्गापुढे ठेवला आणि उरलेली २५ मिनिटे त्यातच गेली. एका प्रश्नाला दोन उत्तरे असू शकतात, हे शेवटी मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मांडले, जूनअखेरीस ज्याच्या डोळ्यांत पाणी आले होते त्याने. या महिन्यातला नियोजित अभ्यासक्रम त्यामुळे एका तासाने मागे पडला आहे. तो भरून काढावा लागेल.

मधल्या सुट्टीतल्या मुलीच्या वहीत आज पहिल्यांदा खोडरबराची खूण नव्हती. चुकलेल्या उत्तरावर एकच सरळ रेघ, शेजारी तपासणी आणि खाली नवे उत्तर. तेही चुकले होते. तिने ते माझ्याआधी ओळखले आणि पान उलटून पुन्हा सुरुवात केली.

६ ऑक्टोबर

प्रश्नपत्रिका-समितीने आज विचारले की मी जूनपासून टेबलावरच्या कागदावर रेघा कसल्या मारते. सर्व सांगितले आणि कागदही दाखवले. थोडी कुजबुज झाली आणि मग त्यांनी सुचवले की मोजायचेच असेल तर त्यांनाही काही मोजायचे आहे: मुलांनी विचार पूर्ण करण्याआधी बाई स्वतः उत्तर सांगतात, असे एका तासात किती वेळा होते.

मी होकार दिला. मोजणारी व्यक्ती रोज बदलेल आणि कागद भिंतीवर, तपासणीच्या रीतींच्या शेजारी लागेल. आजच्या तासाचा आकडा लागला आहे: १४.